हवाई छत्र्यांची शिवण

मदत कार्यालयाच्या बाकावर एका शिंप्याशेजारी दोघी म्हाताऱ्या जावा नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

“जाऊबाई, घरी येणाऱ्या मदतनीस बाईचे दोन तास होते, त्याचा एकच केला म्हणे.”

“मला पलंगावरून उतरायलाच तास लागतो गं.”

“सरकारनं नवी लढाऊ विमानं घेतली ना, त्यात गेला पैसा. आणि तुम्ही जन्मभर सैन्याच्या हवाई छत्र्या शिवल्यात!”

“एक टाका हुकला की अख्खी शिवण उसवायचे.”

शिंप्याने नकळत मान डोलावली.

“लढाईत उघडल्या किती, जाऊबाई?”

“एकही नाही. लढाईत उडी घ्यायची वेळच आली नाही. सैन्यातली पोरं घरीच म्हातारी झाली, बरं झालं.”

“खरंय.”

“काल स्वप्नात मीच उतरत होते, सावरीच्या कापसासारखी. खाली ती मदतनीस बाई हात पसरून उभी.”

“झेललं का मग?”

“कुणास ठाऊक. सारखी घड्याळ बघत होती गं.”