शेंड्यावरचे चिकू

"'शेंड्यावरचं चिकू वाघळांचं, तिथं जाळी घालू नगं,' असं आत्ती मरताना म्हणाल्या. मी व्हय म्हटलंय."

निपाणी स्टँडवर बायाक्का नवऱ्याला हे सांगत होती, तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजीबाईंची जपमाळ थांबली.

"व्हय तू म्हटलंस, मी न्हाय," अंबाजी म्हणाला.

"आई तुमची हुती!"

"वाघळं रातभर माझं चिकू खात्यात आन् दिवसभर वडाला लोंबकळून मलाच हसत्यात."

"उलटी हाईत ती. हसत्यात का रडत्यात, तुमाला कसं कळलं?"

"जाळी घेतलीया, आता घालणारच."

"अवं, वाघळीच्या छातीला पिल्लू असतंय. अडकली तर दोगंबी मरतील."

बोरगावची बस आली.

"मी जागा धरतो, तू जाळी घेऊन ये," म्हणत अंबाजी आत घुसला.

बायाक्कानं जाळी उचलली आणि ती परत करायला गुपचूप दुकानाकडं निघाली.