हसतमुख नेमणूक

विषय: रविवारच्या मिस्सेला चर्चच्या दारात हसून स्वागत करण्याच्या कामी माझी नेमणूक होण्याबाबत.

तर मंडळी, आमचे तरुण फादर प्रवचनात म्हणाले, "एवढी सुवार्ता ऐकून तुम्ही सुतकी चेहऱ्याने काय बसता?" सरकारी कचेरीत खिडकीमागे पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या मला ते लागलं. मी लेखी अर्ज केला. फादरनी एक रविवार चाचणीला दिला.

पहिल्याच आजी बोरिवली स्टेशनवरून धापा टाकत आल्या. मी तोंडभर हसलो आणि सवयीने म्हणालो, "आज नाही होणार, उद्या या."

आजी आल्या पावली परत फिरल्या. फादर धावत जाऊन त्यांना घेऊन आले.

"अहो अंतोनकाका, देवाच्या दारातसुद्धा?"

"पण फादर, हसून सांगितलं ना!"

"म्हणूनच तर त्यांना खरं वाटलं."

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.