मनगटाखालची ज्वारी

बिभीषणकाका : आन् ह्यो स्क्रू ड्रायव्हर कशाचा म्हनायचा? ट्रॅक्टर खोलायचा?

भारती : ह्यांचा आहे. नागापूरच्या एमआयडीसीत कंपनीत असतात ना. घरात तोच होता, काका.

बिभीषणकाका : तरीच. वीतभर खेळण्यातलं इंजिन, त्यात मसुराएवढा स्क्रू, आन् त्याला ह्यो सोटा लावला. खाचच गेली की याची. तेल कसलं वतलंय?

भारती : शिलाई मशीनचं.

बिभीषणकाका : लई?

आम्रपाली : मी पण ओतलं. थोडंसंच. मग सगळं.

बिभीषणकाका : झ्याक. ठिवून जा पोरी. परवा चालू करून देतो.

भारती : दुरुस्ती नकोय, काका. हत्यारं हवीत. बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, ते डोळ्याला लावायचं भिंग.

बिभीषणकाका : घड्याळजीकडं येऊन हत्यारं मागती? न्हाव्याकडं जाऊन वस्तरा मागितल्यावानी झालं. कोन करनार, तू?

भारती : अण्णा करतील. माझे वडील. रेल्वेत फिटर होते, खऱ्या इंजिनांचे. हे छोटं त्यांना साहेबांनी निवृत्तीला दिलं. दर रविवारी देवळालीहून यायचे, ह्या नातीसमोर सगळं खोलायचे, पुसायचे, परत जोडायचे.

बिभीषणकाका : यायचे म्हंजी?

भारती : दोन महिने झाले, आले नाहीत. म्हणतात, एसटीला गर्दी असते.

बिभीषणकाका : आसती की गर्दी.

भारती : रविवारी सकाळी? हात कापतात त्यांचे, काका. मागच्या खेपेला स्क्रू सांडला. हिने उचलून दिला, तो परत सांडला. मग इंजिन माझ्या हातात दिलं, म्हणाले, आता तूच सांभाळ. चहासुद्धा न घेता गेले. आणि मी सांभाळलं ते हे असं.

बिभीषणकाका : मग मीच करतो की. चालू झाल्यालं बघाया येतील.

भारती : बघायला एकदा येतील. दुरुस्तीला दर रविवारी येतील.

बिभीषणकाका : हं. पोरीला त्या स्टुलावर बसव. ह्यो खाच गेलेला स्क्रू तेवढा मी काढतो, त्यो त्यांच्याच्यानं बी निघायचा न्हाई. बाकीचे तीन त्यांचे.

(बिभीषणकाका डोळ्याला भिंग लावतात, मनगटाखाली एक पुरचुंडी सरकवतात आणि स्क्रूवर वाकतात.)

आम्रपाली : निघाला.

बिभीषणकाका : निघाला. आता हे धर. स्क्रू ड्रायव्हर. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीया, जाड हाय, सुटत न्हाई. ह्यो चिमटा, हे भिंग. काढलेले स्क्रू ह्या झाकनात टाकायचे, तळाला लोहचुंबक चिकटवलाय. आन् ही पुरचुंडी.

भारती : ही तर आत्ता तुमच्या हाताखाली होती. काय आहे यात?

बिभीषणकाका : ज्वारी. मनगट टेकवायचं तिच्यावर. हात जरा दाबला की ती बसती, आन् हाताला बी बसवती.

भारती : मग तुम्हाला?

बिभीषणकाका : घरात ज्वारीला काय तोटा? संध्याकाळी दुसरी शिवतो.

भारती : अण्णांना पटेल का, काका? म्हणतील, म्हाताऱ्याचे लाड चाललेत.

बिभीषणकाका : मघाशी स्क्रू काढताना माझा हात हलताना दिसला तुला?

भारती : नाही.

बिभीषणकाका : सात वर्सं झाली, हलतोय.