आपल्याच कारखान्याच्या खुर्च्या

दातांच्या दवाखान्यात इतक्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी दोन अनोळखी गृहस्थ माझ्या मागे उभेच.

“भावोजी, बसा की.”

“तू बस.”

“या आपल्याच कारखान्यातल्या आहेत.”

“म्हणजे स्क्रू संपले तेव्हा पाय गोंदानं चिकटवले, त्या?”

“त्याच. तुम्हीच म्हणालात, ऑर्डर वेळेत गेली पाहिजे.”

“आणि परवाच्या मीटिंगमध्ये काय म्हणालो?”

“गिऱ्हाईक म्हणजे घरचं माणूस. मला तर भरून आलं.”

“मग सगळ्या परत मागवू. नुकसान झालं तर झालं.”

“मागवू. पण या बाई बसल्यात, त्यांना आत्ता सांगायचं ना?”

“सांगायलाच हवं. लपवाछपवी मला चालत नाही.”

“मग सांगा.”

“मी मालक. मॅनेजर कशाला ठेवलाय?”

“आज माझी सुट्टी आहे. मी मेहुणा म्हणून आलोय.”

“बरं, सोमवारी मीटिंगमध्ये ठरवू.”

“आणि तोवर?”

“तोवर त्यांनी फार हलू नये.”

तेवढ्यात नर्सनं मला आत बोलावलं. मी श्वास रोखून, सावकाश उठले.

“बघ, टिकला की नाही गोंद? आणि तू उगाच खुर्च्या परत मागवायला निघाला होतास.”