पळालेले एकशे नऊ

मुलुंडला दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी कॉमर्स कॉलेजात शिकवणाऱ्या दोघीजणी बसल्या होत्या.

“ब्रिजेट, जर्नलकडून पेपर परत आला. माझ्या प्रमोशनची वाट लागली गं.”

“का? मुलांना स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते, हा विषय तर झकास होता ना, ऋतिका!”

“ते म्हणतात, तुमच्या आकड्यांवरून भीती कुणालाच वाटत नाही.”

“काहीतरीच! तुझ्या वर्गात निम्मी पोरं रडकुंडीला येतात.”

“ती सर्व्हेचा फॉर्म भरायला थांबलीच नाहीत. एकशेवीस जणांना बोलावलं, अकराच थांबले. बाकीचे फॉर्मवर स्टॅटिस्टिक्स वाचूनच पळाले.”

“मग तेच लिही ना. एकशे नऊ पळाले, हाच पुरावा!”

“तसं लिहून परत पाठवलं. आता म्हणतात, का पळाले ते त्यांच्याकडूनच लिहून आणा.”

“मग आण.”

“काल फॉर्मचा गठ्ठा घेऊन कँटीनमध्ये शिरले. मला बघताच सगळे पुन्हा पळाले. पण ह्या वेळी मी दारात उभं राहून एकेक मोजला. सत्त्याण्णव!”

“अगं, म्हणजे बारा जणांची भीती गेली!”

“ते बारा तेव्हापासून कॉलेजलाच येत नाहीत गं.”