सप्ताहाची पंगत

गावात सप्ताह चालू होता. उरवड्याच्या थांब्यावर माझ्यामागे दोघं बोलत होती.

"साळूबाई, भर दुपारी कुटं?"

"आमच्या पिंकीला बघाया आलेली माणसं पंगतीला बसवली, हैबतआबा. पत्रावळी कोऱ्याच ऱ्हायल्या, तशी उठून गेली. त्यांची समजूत काढाया निघालेय."

"आज कुठल्या आळीचा सैपाक हुता?"

"कुणाचाच न्हाई. काल मातर दोन आळ्यांनी रांधलं."

"मी पाळ्या लावून द्यायचो. नवा अध्यक्ष म्हणला, देव पुरवतो, पाळ्या कशाला? तुमी समद्यांनी माना डोलावल्या."

"मग आज का न्हाई पुरवलं देवानं?"

"पुरवलं की कालच. उरलेला भात आपणच ओढ्यात ओतला."