निकितापेक्षा मोठा स्क्रीन

(शेवगावातलं हर्षलचं कॉम्प्युटरचं दुकान. रुपाली काउंटरपाशी उभी, तिची सासू कडूबाई मागं स्टुलावर.)

रुपाली : बावीस इंची नको. निकितानं केवढा नेलाय ते आधी सांगा, मग त्याच्यापेक्षा मोठा काढा.

हर्षल : ताई, एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नसतो मी.

रुपाली : अख्ख्या शेवगावला दिसतंय की! रस्त्याच्या अलीकडं माझं सेवा केंद्र, पलीकडं तिचं. दोन-दोन स्क्रीन मांडून बसलीय, विमान चालवल्यागत. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकली ती. कुठल्या बोटानं कुठलं बटण दाबायचं, तेसुद्धा मी दाखवलंय तिला.

हर्षल : बरं, हा बघा. चोवीस इंची. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण वस्तू चांगली आहे. तीन वर्षांची वॉरंटी. फॉर्म भरायला याच्यापेक्षा भारी घेऊन करायचंय काय?

रुपाली : चालेल. आणि कीबोर्ड तिच्यासारखाच द्या, वाजणारा.

हर्षल : मेकॅनिकल म्हणतात त्याला. हा दाबून बघा. हाही स्वस्तातलाच आहे, पण दणकट.

रुपाली : हाच! हाच आवाज. दिवसभर खटखट, खटखट. माझ्याकडं चिटपाखरू नसतं आणि समोर ती बडवत असते. एकेक बटण माझ्या छातीत वाजतं, हर्षलभाऊ.

हर्षल : खरं सांगू का? परवा निकिता आली होती. बिनआवाजाचा बदलून मागत होती.

रुपाली : का? बिघडला?

हर्षल : नाही. म्हणाली, समोरच्या ताई सारख्या मान वर करून बघतात, त्यांना त्रास होत असेल.

रुपाली : घ्या! म्हणजे चांगुलपणातही तीच पुढं. मला नाव ठेवायलासुद्धा जागा ठेवायची नाही.

कडूबाई : रुपे, चल की आता. गुडघं दुखायलेत माझे.

रुपाली : थांबा आत्या. तुमच्यापायीच आलेय मी इथं. हर्षलभाऊ, ह्यांनी काय केलं माहितीय? म्हाताऱ्या माणसांचं ओळखपत्र काढायचं होतं. घरात सून हेच काम करते. आणि माझी सख्खी सासू माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून तिच्या दारात जाऊन बसली!

हर्षल : काय आजी?

कडूबाई : गेल्ते. खोटं कशाला बोलू.

रुपाली : बघितलंत? लोक बघत होते. ऊसतोडीला निघालेली चार घरं माझ्याकडं यायची, तीही ह्यांच्या मागोमाग तिकडंच गेली. म्हणाली असतील, सासूच जात नाही तर आपण कशाला? म्हातारी भुलली दोन स्क्रीनला.

कडूबाई : मला काय करायचाय त्यो टीव्ही? त्यातला एक तर लई बारका हाय. जुना दिसतोय.

हर्षल : हां, तो एकोणीस इंची. जुनाच नेला तिनं.

रुपाली : जुना? मग एवढ्या थाटात कशाला मांडलाय?

कडूबाई : त्याचं त्वांड आपल्याकडं हाय ना. माणूस बसतं त्या बाजूला. ती तिकडं लिव्हती, आपल्याला हिकडं दिसतं.

रुपाली : तुम्हाला वाचता कुठं येतं आत्या?

कडूबाई : वाचाया न्हाई येत. पन माझं त्वांड मला वळखू येतं. तिनं फोटू काढला आन् त्याच्यात दावला. म्हनली, आजी, बघा, ह्यो चालंल का? मी म्हनलं, पदर सरकलाय गं. तर तिनं परत काढला. तीनदा काढला.

रुपाली : तुम्ही सांगितलं असतं तर मीही काढला असता.

कडूबाई : मागं काढल्याल्या बशीच्या कारडावर डोळं मिटल्यात माझं. बशीत कंडाक्टर म्हनतो, आजी, झोपल्या व्हत्या का? सारी बस हासती. त्यो फोटू तूच काढल्याला.

रुपाली : मग तेव्हाच बोलायचं होतं.

कडूबाई : बोलले हुते. दावतीस का म्हनलं. तू म्हनलीस, आत्या, मागं रांग हाय.

हर्षल : ताई... चोवीस इंची बांधू का?

(रुपाली चोवीस इंची स्क्रीन मागं सारते.)

रुपाली : हा राहू द्या. जुना बारका आहे का अजून? आहे त्याच कॉम्प्युटरला जोडायचाय.

हर्षल : आहे एक. पण तो निकिताच्या एवढाच आहे.

रुपाली : एक इंचानं तरी मोठा बघा! तेवढं तरी राहू द्या माझं. आणि वायर लांब द्या.

हर्षल : किती लांब?

रुपाली : टेबलाच्या पलीकडं जाईल एवढी. माणूस बसतं त्या बाजूला.

हर्षल : आणि कीबोर्ड?

रुपाली : नको. माझा आहे तो चालतोय. काय हसताय आत्या?

कडूबाई : कुठं हासले? निकीसारकंच करतीस व्हय?

रुपाली : तिचं नाव नका काढू हो, जीव जळतो माझा. उद्या सकाळी तुम्ही या केंद्रात. चांगलं लुगडं नेसून. ते मागचं कार्ड घेऊन या, त्याचा फोटो बदलायला अर्ज करू. डोळे उघडे आहेत का ते तुम्हीच बघून सांगा.

कडूबाई : यीन की. आता मागं रांग बी नसती.